तुफानचं वजन

महालक्ष्म्यांचा तिसरा दिवस. दोघी बहिणी अजून मखरात उभ्या होत्या, घरभर पुरणाचा आणि झेंडूचा वास होता, आणि बाहेर शेडमध्ये टमाटे तोलायच्या काट्यावर तुफान बसला होता. बसला म्हणजे, जीवननं त्याला दोन्ही हातांनी दाबून बसवला होता. काट्यावरचे लाल आकडे वरखाली होत होते. तुफानला हा नवाच खेळ वाटला असावा, तो जीवनचा कान चाटत होता.

"सोडा आता," जनावरांची डॉक्टर प्राची म्हणाली. तिनं वाकून आकडा पाहिला, मग काट्याच्या खाली काही अडकलंय का ते पाहिलं, आणि पुन्हा आकडा पाहिला.

अर्जुनराव कमरेवर हात ठेवून उभे होते. देऊळघाटच्या शिवारात त्यांचं हे घर, घरामागं कोबी आणि टमाटे, आणि त्यापलीकडं डोंगराची उतरण. त्या उतरणीवरून रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, येत आणि एका फेरीत वाफेच्या वाफे लोळवून जात. म्हणून तर धाकट्या मुलानं, जीवननं, वैशाखात उदगीरकडून हे कारवान जातीचं कुत्र्याचं पिल्लू आणलं होतं. लांब तोंडाचं, उंच पायांचं, हरणामागं पळण्यासाठीच जन्मलेलं.

"किती भरलं?" अर्जुनरावांनी विचारलं.

"या वयाला पाहिजे त्यापेक्षा पाच-सहा किलो जास्त."

"म्हणजे पाव क्रेट टमाटे," थोरला दीपक हसून म्हणाला.

"हसू नका दीपकभाऊ. इकडे या, हे बघा." प्राचीनं तुफानला जमिनीवर उभं केलं आणि त्याचे पुढचे पाय दाखवले. मनगटं खाली बसली होती, पंजे बाहेरच्या बाजूला फाकले होते. लाकडी पाटाचे पाय ओल धरून वाकावेत तसे. "उंच जातीच्या पिल्लाची हाडं वर्ष-सव्वा वर्ष वाढत असतात. तोवर ती कच्चीच. हाडांच्या आधी अंग भरलं की भार पेलवत नाही, पाय वाकतात. लंगडतोय ना सकाळपासून?"

"चार दिवसांपासून," जीवन म्हणाला.

"आत्ता आवरलं तर पाय सरळ होतील. नाही आवरलं, तर हा जन्मभर असाच चालेल. पळणार नाही."

अर्जुनरावांना राग आला. राग कसला, अपमानच वाटला. हे सगळं त्यांना का कोणी सांगावं? त्यांचे वडील कडूबा यांनी अशी सात-आठ कुत्री वाढवली होती, तेव्हा शिकारीला बंदी आली नव्हती. शिकारी कुत्र्याच्या बरगड्या हाताले लागल्या पाह्यजेत अन् शेवटच्या दोन डोळ्याले दिसल्या पाह्यजेत, हे कडूबांचं बोलणं अर्जुनरावांना काल ऐकल्यासारखं आठवत होतं.

"डॉक्टरीणबाई, मले माहीत हाये ते," ते म्हणाले. "मी पोट्टा होतो तवापासून ही जात वाढवून राह्यलो."

"मग तर तुम्ही जाणकार आहात आजोबा. काय देता याला?"

"सकाळी, दुपारी अन् सांजच्याले. हा जर्मनचा गंज हाये ना, याच्यात." त्यांनी कोपऱ्यातल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याकडं बोट केलं. " अर्धी भाकर, ताक, दिसाआड अंडं. माझ्या हातानं. दुसऱ्या कोणाले गंजाले हात लावू देत नाही मी."

प्राचीनं तुफानच्या पोटावर बोटं टेकवली. पोट ताशासारखं ताणलेलं होतं.

"मग तुमच्या मागं आणखी कुणीतरी देतंय," ती म्हणाली. "तीन वेळांत असं पोट होत नाही. आत्ता, आपण चहा घेत होतो ना, तेव्हाही यानं खाल्लंय. आणि दूध खाल्लंय, ताक नाही. मिशांना साय आहे."

सगळे तुफानच्या मिशांकडं पाहू लागले. तुफाननं जीभ फिरवून त्या पुसून टाकल्या.

"आणखी काही देता? औषध, पावडर?"

जीवन चुळबुळला. बुलढाण्यात त्याचं कृषी केंद्र होतं, आणि तिथून त्यानं म्हशींसाठीच्या कॅल्शियमचा डबा आणला होता. हाडं लवकर पक्की होतील म्हणून. त्यानं ते सांगितलं तेव्हा प्राचीनं कपाळाला हात लावला.

"तो डबा आजपासून बंद. जास्तीचं कॅल्शियम पिल्लाच्या वाढत्या हाडाला बाधतं. उपाशीही ठेवायचं नाही याला, पण मोजूनमापून. मोटारसायकलीमागं पळवायचं नाही, उड्या मारू द्यायच्या नाहीत, सावकाश फिरवायचं. आणि आज संध्याकाळपर्यंत तुकडासुद्धा नको. फक्त पाणी."

"तुकडा नाही पडणार," अर्जुनराव म्हणाले. "माझा शब्द हाये."

सरस्वतीबाईंनी डॉक्टरणीला हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, पुरणपोळ्यांचा डबा दिला. गाडी फाटकाबाहेर गेली, आणि मग घर पोर्चमध्ये जमा झालं.

अलीकडं अर्जुनरावांना असं जमलेलं घर नकोसं वाटे. चार माणसं बोलू लागली की मधलेच धागे गळायचे. आत्ता पावसाचं चाललं होतं म्हणावं, तर लोक लग्नाचं बोलत असायचे आणि आपल्या उत्तराची वाट पाहत असायचे. बोलणं म्हणजे थांबा न घेता निघून गेलेली एसटी. त्यांनी याचा दोष कानातल्या यंत्राला दिला होता. यंत्र दोनदा बदलूनही आणलं होतं.

आता ते खुर्चीत बसून सकाळचं आठवू लागले. सकाळी तुफानला आपणच दिलं, हे लख्ख डोळ्यांसमोर होतं. गंज, भाकर, हलणारी शेपटी. पण त्या चित्रात उजेड तिरपा होता, आणि मखराच्या झेंडूंचा ढीग ओट्यावर नव्हता. म्हणजे ते आजचं की कालचं? त्यांनी डोकं हलवलं. सकाळ म्हणजे सकाळ.

"मी बोलू काय दादा?" बेबीताई म्हणाल्या. अर्जुनरावांची ही धाकटी बहीण पिंपळगाव राजाहून दरवर्षी महालक्ष्म्यांना यायची, आणि जाताना एखादं तरी भांडण पेटवून जायची. "चूल कोणाच्या हाती हाये या घरात? दूध कोणाच्या हाती हाये?"

सगळ्यांच्या नजरा दीपकच्या बायकोकडं, छायाकडं वळल्या. ती पायरीवर बसून चहाचे कप गोळा करत होती.

"आत्याबाई, मी त्या गंजाले बोट लावलं तरी मामाजी टोकतात," छाया म्हणाली. "सगळ्याईले ठाव हाये."

"म्हणून तर लपून देत असशीन."

"मले काय पडलं कुत्र्याले लपून चारायचं?"

"काऊन नाही? कुत्रं लंगडं झालं का जीवन वापस घेऊन जाईन. तुले पाह्यजेच कुठं होतं ते? आलं त्या दिशीच तू म्हणे, माणसाईचं निभत नाही अन् याचं कोण करीन?"

छाया तसं म्हणाली होती खरी. सगळ्यांसमोर म्हणाली होती. तिच्या हातातले कप एकमेकांवर वाजले.

"आत्या, म्हणली होती ते," दीपक बायकोच्या बाजूनं उठला, "पण म्हणणं येगळं अन्..." त्यानं छायाकडं पाहिलं. "तू कधीमधी देलं असशीन तर सांगून टाक ना. उरलंसुरलं. काही बिघडत नाही."

"म्हणजे तुम्हालेबी तसंच वाटते?"

"मी कुठं म्हणलो?"

"मंग काय म्हणले तुम्ही?"

तेव्हा जीवन बोलला, आणि सगळ्यांनाच नवल वाटलं. कारण मागच्या दिवाळीत त्यानं वाटणीचा विषय काढला होता तेव्हा विहिरीकडच्या तुकड्यावरून छायानं त्याला सोलून काढलं होतं. तेव्हापासून दीर-भावजय कामापुरतं बोलायचे.

"वहिनी असं करणार नाही," जीवन म्हणाला. "वहिनी भांडीन तर तोंडावर भांडीन. मागून वार करणं तिचं काम नाही."

"अरे वा!" बेबीताई त्याच्याकडं वळल्या. "तुह्या डब्यानं काय उजेड पाडला ते ऐकलं ना आता? म्हशीचं औषध कुत्र्याले! अन् दुकानात बसून लोकाईले सल्ले देते."

"हे बाकी बरोबर हाये," दीपकनं संधी साधली. "मले न इचारता टाकत होता तू."

"तुले इचारून काय होते बे? तू कोणती गोष्ट वेळेवर सांगते?"

दोघं भाऊ उभे राहिले. बोलणं कुत्र्यावरून डब्यावर, डब्यावरून दुकानावर, दुकानावरून विहिरीवर गेलं. सरस्वतीबाई दाराच्या चौकटीला टेकून मखराच्या माळा सोडवत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. नवऱ्याकडं तर मुळीच नाही. हे अर्जुनरावांच्या ध्यानात आलं आणि का कुणास ठाऊक, त्यांना धास्ती वाटली. साऱ्या घराला काहीतरी ठाऊक आहे आणि आपल्यालाच नाही, असं मधूनमधून वाटायचं तसं.

धास्ती वाटली की ते ओरडत. ही सवय जुनीच होती.

"गप बसा!" त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "छाया, खरं बोल. मुक्या जिवाले लपून जास्तीचं चारणं म्हणजे इख घालणं हाये. हे पाप माह्या घरात चालणार नाही. तुले नाही पटत तर तसं सांग. पण लपूनछपून कोणाचे पाय मोडू नोको."

छाया उभी राहिली. वीस-बावीस वर्षांत सासरे तिच्यावर असे ओरडले नव्हते. कडक होते, पण तिच्याशी तोलून बोलायचे. तिच्या लेकीच्या, प्रतीक्षाच्या वेळी, दवाखान्यात सगळे नातीचं तोंड बघायला धावले तेव्हा हेच आधी विचारत होते, सून कशी हाये म्हणून.

"मामाजी," ती म्हणाली, "तुम्ही मले असं बोलले. ठीक हाये. मी आजच सोनाळ्याले चालली माहेरी. मंग पाहा हे कुत्रं बारीक होते का जाड."

"छाया!" दीपक म्हणाला.

"होऊ द्या आता. दूध का दूध, पानी का पानी होऊन जाईन."

ती आत गेली. आतून कपाटाचं दार आपटल्याचा आवाज आला. दीपक तिच्यामागं जावं की न जावं म्हणून उंबऱ्यावरच घुटमळला. बेबीताईंनी पदर सावरला. भांडण पेटलं होतं, पण आता त्यांनाही त्याची धग लागत होती. "मी काय असं म्हणली होती का जाय म्हणून?" त्या पुटपुटल्या. जीवन आईजवळ जाऊन काहीतरी हळू आवाजात विचारू लागला.

या सगळ्यात तुफान लंगडत आला आणि त्यानं अर्जुनरावांच्या मांडीवर तोंड ठेवलं. त्याचे ते मोठे, पिवळसर डोळे. पिल्लाच्या डोळ्यांत भूक कायमचीच असते. अर्जुनरावांनी बाहेरच्या उन्हाकडं पाहिलं. दुपार कलायला आली आणि यांच्या भांडणात या लेकराला कोणी तुकडा टाकला नाही! ते उठले. स्वयंपाकघरात गेले. टोपलीतली भाकर घेतली, गंजात कुस्करली, पातेल्यातलं दूध वर ओतलं. सायीसकट. बोटानं कोमट आहे का पाहिलं. मग पोर्चच्या कोपऱ्यात गंज ठेवून तुफानच्या पाठीवरून हात फिरवत उकिडवे बसले.

"खाय बापा, खाय. सावकाश. कोणी नाही हिसकत."

तुफाननं गंज चाटूनपुसून लख्ख केला. अर्जुनरावांनी तो उचलला, खुर्चीवर येऊन बसले आणि म्हणाले,

"हं. तर मी काय म्हणत होतो? कोण चारून राह्यलं याले?"



जीवनचं तोंड उघडं राहिलं होतं. बेबीताईंनी तोंडावर पदर धरला होता. पिशवी हातात घेऊन छाया दारात येऊन उभी होती, आणि तिच्यामागं दीपक.

"अरे, बोला की. आत्ता तर कावळ्यासारखे कावकाव करत होते."

"बाबा," दीपक म्हणाला, "डॉक्टरीण काय सांगून गेली?"

"काय सांगून गेली म्हणजे? संध्याकाळपर्यंत तुकडा नोको म्हणे. मी शब्द देला तिले."

"मंग..."

"मंग काय? कोण देऊन राह्यलं त्याले?"

दीपक बापाच्या हाताकडं पाहत होता. अर्जुनरावांनीही तिकडं पाहिलं. हातात गंज होता. गंजाच्या तळाला दुधाचा पातळ थर होता आणि बोटं ओली होती. नखात भाकरीचा चुरा होता.

त्यांनी गंज उलटा केला, सुलटा केला. हा इथं कसा आला? ते खुर्चीत बसले होते. छाया आत गेली होती. तुफाननं मांडीवर तोंड ठेवलं होतं. आणि मग? मग हे सगळे असे पाहत होते. मधलं काही नव्हतंच. ओली पाटी पुसावी तसं ते पुसलं गेलं होतं.

"हा गंज माह्या हातात कोणं देला?" त्यांनी विचारलं.

"दादा..." बेबीताई अर्ध्या उठल्या.

तेवढ्यात छाया पुढं आली. तिनं पिशवी खाली ठेवली आणि सासऱ्याच्या हातातून गंज हळूच काढून घेतला. "मीच देला मामाजी," ती म्हणाली. "मीच चारत होती त्याले. माह्यं चुकलं. आता नाही देणार."

अर्जुनराव आणखीच गोंधळले. कारण छाया खोटं बोलत होती, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. तिला खोटं बोलता येत नसे, कान लाल व्हायचे. शिवाय ती तर आत होती. आणि ज्या गुन्ह्यासाठी आत्ता घर सोडून निघाली होती, तोच गुन्हा ती आता का कबूल करत होती?

"नोको बोलू खोटं, छाया," सरस्वतीबाई म्हणाल्या. माळा त्यांनी खाली ठेवल्या होत्या. "माह्यासारखं नोको करू."

त्या नवऱ्याच्या समोर येऊन खाली फरशीवर बसल्या. मुलांदेखत त्या अशा कधी बसत नसत.

"अवो, तुम्हीच देता त्याले. सकाळी उठून देता, मंग आंघोळ करून देता, देवपूजा झाली का देता. प्रत्येक वेळेस वाटते का पह्यलीच हाये. तुमच्या मागं मी अर्धं काढून टाकत होती म्हशीच्या टोपल्यात. दुधात पाणी घालत होती. आज घरात पाहुणे, सणाचं काम, मले जमलं नाही."

"कवापासून?" जीवननं विचारलं.

"उन्हाळ्यापासून. त्याच्या आधीबी थोडंथोडं. बुलढाण्याले बाजाराले गेले अन् स्टँडवरूनच वापस आले, काऊन आलो ते इसरले. मी म्हणलं, वय हाये."

"अन् तू आम्हाले सांगितलं नाही आई?"

"तू वाटणीचं बोलून राह्यला होता ना बापा. मले वाटलं, तुम्ही म्हणसान म्हातारा भ्रमला, आता याले काय इचारायचं." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "अन् छायावर आळ आला तरी गप राह्यली मी. देवीसमोर बसून गप राह्यली."

"मी येडा नाही झालो," अर्जुनराव म्हणाले. फार मोठ्यानं म्हणाले. मग तेच वाक्य हळू म्हणाले. मग उठले आणि चप्पल न घालता कोबीच्या बांधाकडं चालू लागले. तुफान मागं निघाला. कोणीतरी हाक मारली, त्यांनी वळून पाहिलं नाही.

बांधावर बाभळीखाली ते बसले. तुफानही बसायला गेला, पण पुढचे पाय नीट दुमडेनात, तो धप्पकन पडला आणि पडल्या पडल्या शेपटी हलवू लागला. अर्जुनरावांनी त्याचा पाय हातात घेतला. मनगटाचं हाड जाड झालं होतं आणि दाबलं की पिल्लू पाय ओढून घेत होतं. बरगड्यांवरून हात फिरवला. एकही लागली नाही, नुसती गुबगुबीत कातडी.

कडूबांची कुत्री त्यांना नावानिशी आठवत होती. कोण कुठल्या नाल्यात पडलं, कोणाला डुकराचा सुळा लागला, सगळं. मग आजची दुपार कुठं गेली? सकाळ कुठं गेली? त्यांनी आठवायचा नेट लावला. गंज आठवला, भाकर आठवली, शेपटी आठवली. पण ते एकदाचं होतं की दहादाचं? सगळ्या सकाळी एकीवर एक ठेवल्यासारख्या एकच झाल्या होत्या. माणसानं स्वतःच्या हातावर भरवसा ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा?

बऱ्याच वेळानं छाया आली. हातात त्यांची चप्पल होती. ती त्यांच्यापुढं ठेवून ती थोडी दूर बसली.

"खरंच मीच?" त्यांनी विचारलं.

"हो मामाजी."

"तू पाह्यलं?"

"आज पाह्यलं. आधी एकदोनदा पाह्यलं होतं, पण मले वाटलं तुम्ही जाणूनबुजून देता. लाडानं."

"म्हणजे तुले माहीत होतं, अन् मी तुले इतकं बोललो तरी तू माह्यं नाव नाही घेतलं?"

"कुत्र्याचं खाणं तुमच्या हाती. त्याच्यात मी काय बोलणार?"

"अन् मंग मीच देला म्हणून काऊन म्हणली?"

छायानं गवताची काडी तोडली. "तुमचा चेहरा पाहून. तुम्ही गंज असा उलटासुलटा करून राह्यले होते... मले पाहवलं नाही."

तुफान अर्जुनरावांच्या अंगठ्याशी खेळत होता.

"माह्या चेहऱ्यापायी तुह्या सासूनं झाकलं," ते शेवटी म्हणाले. "माह्या चेहऱ्यापायी तू खोटं बोलली. अन् पाय याचे वाकले. असं नोको करत जाऊ. मले वाईट वाटलं तर वाटू देत जाय." त्यांनी चपलेत पाय घातले. "तुले बोललो ते... ते मले आठवते. ते नाही इसरलो. माफ कर माय."

छाया रडू लागली. ते उठले, आणि तिला घेऊन पोर्चकडं आले. सगळे तसेच बसलेले होते. चहा कोणी पुन्हा केला नव्हता.

"ऐका," अर्जुनराव उभ्यानंच म्हणाले. "आजपासून तुफानचं खाणं छायाच्या हाती. मी मांगितलं तरी मले गंज देऊ नोका. मी भांडीन. म्हणीन का त्यानं सकाळपासून काही खाल्लं नाही. मले आठवणार नाही, तुम्ही आठवा. समजलं काय?"

"हो बाबा," दोघं भाऊ एकदम म्हणाले. कितीतरी महिन्यांनी दोघांचं एक उत्तर आलं होतं.

"अन् बेबी, तू सुनेची माफी मांग."

"मांगते," बेबीताई म्हणाल्या, आणि मागायच्या आधीच छायाच्या गळ्यात पडल्या.

पुढच्या आठवड्यात जीवन त्यांना अकोल्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. आजाराचं नाव त्यानं घरी सांगितलं. अर्जुनरावांनी ते दोनदा विचारून घेतलं आणि मग विचारायचं सोडलं. गोळ्या सुरू झाल्या. वाटणीचं बोलणं जीवननं आपणहून पुढं ढकललं. पुढं ढकललं इतकंच, मिटलं नाही, आणि छायाही ते जाणून होती.

तुफानला मोजून मिळू लागलं. पहिले दिवस कठीण गेले. अर्जुनराव दिवसातून चार-पाचदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन गंज मागत, आणि छाया नाही म्हणे. ते चिडत. एकदा तर म्हणाले, मुक्या जिवाले उपाशी मारून राह्यली, तुले देव पाहून घेईन. छायानं भाकरी थापता थापता सांगितलं, "खाल्लं त्यानं मामाजी. मी तुम्हाले खोटं बोलत नाही." ते पुटपुटत परत जात, आणि कधी तुफानला घेऊन बांधानं सावकाश चक्कर मारून येत. चालवणं त्यांच्याकडंच ठेवलं होतं. चालवायचं राहिलं असं त्यांना कितीही वेळा वाटो, म्हातारपणाचे पाय होते, दोनदापेक्षा जास्त होत नसे.

दिवाळीपर्यंत पंजे सरळ झाले. डॉ. प्राची येऊन मनगटं दाबून गेली आणि तुफाननं पाय ओढला नाही. वरून पाहिलं की कंबर दिसू लागली. एका सकाळी कोबीत शिरलेल्या रोह्यामागं तो सुटला आणि पार उतरणीपर्यंत जाऊन जीभ लोंबवत परत आला. डॉक्टरणीनं पळू द्यायला अजून नाही म्हटलं होतं, म्हणून दीपकनं त्याला रागावलं. पण रागावताना तो हसत होता.

त्याच दुपारी छाया ओट्याशी उभी होती. दारात सावली पडली. अर्जुनराव होते. गंज मागायला आले असतील म्हणून ती नाही म्हणायच्या तयारीतच वळली.

"याचं झालं काय?" त्यांनी तुफानकडं बोट करून विचारलं.

"झालं मामाजी. आत्ताच."

"बरं." ते जायला वळले, पण गेले नाहीत. चौकटीवर हात ठेवून तिथंच थांबले. तिच्याकडं न पाहता, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "अन् माह्यं?"

छायानं गॅस बारीक केला.

"तुमचं राह्यलं," ती म्हणाली. "हात धुवा अन् बसा. वाढते मी."